पोरगं गाडीवर निघालं, तेव्हा



गळीत हंगाम आटोपला की आमच्या ऊस विकास विभागाकडे सभासदांची दोन कामे हमखास येतात. एक बेण्याचे आणि दुसरे पोराचे. बेण्याचे काम आमचेच आहे, व त्याबद्दल या पानांतून आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. पोराचे काम तसे आमचे नव्हे. पण गटात फिरताना बांधावर चहा होतो, आणि कप खाली ठेवता ठेवता सभासद हळूच विषय काढतात, "साहेब, पोरगं ट्रकवर जातो म्हणतंय. तुमचं ऐकंल. जरा समजावून सांगा."

काय समजावायचे, हे मात्र घरोघर निराळे. कोणाला पोराने जाऊच नये असे वाटते. कोणाला वाटते, जावे, पण किन्नरकीत दिवस न घालवता चटकन स्टेअरिंग हाती यावे. आई काहीच बोलत नाही, ती फक्त विचारते, "रातचं झोपतात कुठं हो ही माणसं?" आमच्या मते या सगळ्यांत खरा प्रश्न तोच आहे, आणि या लेखात त्याचेच उत्तर द्यावे असे आम्ही योजले आहे.

पोरे का जातात, हे सांगायला नको. दोन एकराचे तीन वाटे झाले की उसाला लागतात तेवढे हात घरात शिल्लकच असतात. लहानपणापासून पोर दर हंगामात दारावरून गाड्या जाताना पाहते. नोकरीच्या अर्जाला उत्तर येत नाही, आणि ड्रायव्हर मात्र कायम हवाच असतो. यात कमीपणा मानण्यासारखे काही आहे असे आम्हाला वाटत नाही. आपला ऊस गव्हाणीपर्यंत आणि आपली साखर बाजारापर्यंत पोचते ती याच लोकांच्या जिवावर.

आम्ही कृषी पदविकेचे माणूस, ट्रकबद्दल काय बोलणार, असे कोणी म्हणेल. पण पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून पायाभूत बेणे आणायचे तर गाडीबरोबर आम्हीच जातो. बेण्याचे डोळे चेंगरू नयेत, ऊन लागू नये, आणि तोडलेले बेणे शक्यतो दुसऱ्या दिवशी जमिनीत जावे म्हणून परतीचा प्रवास रात्रीचा. लोणंद, सालपे घाट, वाठार, सातारा असे उतरत यायचे. अशा रात्री आम्ही केबिनमध्ये बऱ्याच काढल्या आहेत. ड्रायव्हर, मध्ये आम्ही, आणि दाराकडेला किन्नर. त्या दाराकडच्या पोराचे काय चालले आहे ते आम्ही जवळून पाहिले आहे.

त्यातलाच एक आमच्या गटातल्या एका सभासदाचा धाकटा मुलगा. वय एकवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलेले. पहिल्या खेपेला तो उत्साहाने इतका बोलत होता की वस्ताद म्हणाले, "बाळा, जरा वाईच गप. रात लांब हाय." बारा वाजेपर्यंत पोरगे ताठ बसले. एकला मान हलू लागली. दोनला त्याचे कपाळ काचेवर आपटले. वस्तादांनी गाडी रस्त्याच्या कडेला एका बंद पेट्रोल पंपासमोर घेतली, इंजिन बंद केले आणि म्हणाले, "झोप वीस मिनिटं. मी बी झोपतो." आम्हाला बेण्याची घाई होती, पण बोललो नाही.

नंतर चहा घेताना वस्ताद म्हणाले ते आमच्या ध्यानात राहिले. "साहेब, गिअर टाकाया मी याला पंधरा दिसात शिकवीन. झोपाया शिकवायला वरीस जाईल."

शेतकऱ्याला रात्रीचे जागरण नवीन नाही. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करून आपण पाणी देतोच. पण बांधावर पेंगलेल्या माणसाचे फार तर पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत जाते. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते, आणि तीन सेकंदांची डुलकी माणसाला लागली होती हेही कळत नाही. शरीराचे घड्याळ असे आहे की रात्री दोन ते पाहाटे पाच-सहा या वेळेत झोप सर्वांत जड असते, मग माणूस कितीही पट्टीचा असो. दुपारी जेवणानंतर दोन ते चार या वेळेत तिची धाकटी बहीण येते. नवख्या पोराला वाटते, जिद्दीने जागता येईल. जिद्दीचे काम नव्हे ते. तंबाखूचा बार भरून, खिडकी उघडी टाकून किंवा मोठ्याने गाणी लावून डोळे उघडे राहतात, डोके जागे राहत नाही. चहाचा असर यायलाही अर्धा तास लागतो. म्हणून जाणते ड्रायव्हर आधी चहा पितात आणि मग पंधरा-वीस मिनिटे आडवे होतात. उठेतो चहा कामाला लागलेला असतो. आणि गाढ झोपेतून उठल्याबरोबर गाडी हलवत नाहीत. खाली उतरतात, तोंड धुतात, टायरांभोवती एक फेरी मारतात. ही फेरी किन्नराचे काम. टॉमीने टायर ठोकायचे. जोडटायरांतला आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, आवाजावरून कळतो. पोरांना हे काम हलके वाटते. पण त्या फेरीत टायरही तपासला जातो आणि ठोकणाराही पुरता जागा होतो.

जुने ड्रायव्हर एक मजेची गोष्ट सांगतात. जकात होती तेव्हा नाक्यावर गाड्यांची रांग लागे, शिव्याशाप होत, पण तेवढीच झोप मिळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकातही गेली, नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. रस्ते रुंद झाले, गाड्या जोरदार झाल्या. व्यापाराचे भले झाले यात शंका नाही. मात्र पूर्वी रस्ता ड्रायव्हरला जबरदस्तीने थांबवीत होता, आता त्याने स्वतः ठरवून थांबायचे आहे, आणि मालकाचा फोन तर दर तासाला, "कुठवर आलास?"

कायद्याने हा विचार केलेलाच नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती असे बंधन घातले होते. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या भागात ज्यांच्या एक-दोन गाड्या आहेत त्यांपैकी किती मालकांना हे माहीत असेल, हे त्यांनीच मनाशी पाहावे. त्यांतले बरेचसे आपले सभासदच आहेत म्हणून लिहितो. बँकेचा हप्ता डोक्यावर आहे, गाडी उभी राहिली की पोटात गोळा येतो, हे आम्हाला समजते. पण गाडीचे डिझेल जसे मोजून भरता तशी ड्रायव्हरची झोपही मोजली पाहिजे.

आता कागदपत्रांचे थोडक्यात. हलक्या वाहनाचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. मालवाहू जड वाहन चालवायचे तर वय वीस पूर्ण हवे, आणि हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन एक वर्ष झालेले हवे, तेव्हाच जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा दाखला लागतो. आठवी पास असण्याची अट मध्यंतरी होती, ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. शिकाऊ परवान्यावर एकट्याने गाडी न्यायची नाही. शेजारी त्या वाहनाचा पक्का परवाना असलेला माणूस हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल रंगात एल अक्षराची पाटी हवी. हे सगळे रीतसर करायला दीड-दोन वर्षे जातात. आडसाली ऊसही दीड वर्ष घेतो, त्याला आपण लवकर ये म्हणत नाही.

पण होते काय, की पोरगे पहिला सराव करते ते आपल्याच यार्डात. हा मुद्दा आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण तो आपल्या हद्दीतला आहे. हंगामात ड्रायव्हरचा दिवस कसा असतो ते पाहा. फडात गाडी भरेपर्यंत अर्धा दिवस जातो. चिखलातून, कच्च्या रस्त्याने गाडी बाहेर काढायची. संध्याकाळी काट्यावर वजन, मग यार्डात नंबर. नंबर रात्री एकला लागेल की पाहाटे पाचला, नेम नाही. रांग सरकली की गाडी दोन-चार गाड्यांएवढी पुढे घ्यायची, पुन्हा उभी करायची. अशी रात्रीतून कितीतरी वेळा. सहा तास यार्डात होता, म्हणजे झोप झाली असेल, असे ऑफिसात बसून वाटते. पण दर अर्ध्या तासाने मोडलेली झोप ही झोप नव्हे. म्हणून वस्ताद काय करतात, तर किल्ली पोराकडे देतात आणि म्हणतात, "सरकली रांग की घे पुढं. मला उठवू नगं."

पोरगे खुशीत. पहिल्यांदा एकटे स्टेअरिंगवर. आणि खाली काय असते? बैलगाडीचे गडी जुवाजवळच कांबळे पसरून आडवे झालेले असतात. काहींची बायका-पोरे बरोबर असतात, थंडी म्हणून उसाच्या आडोशाला निजलेली. दिव्यांचा उजेड उंच मोळ्यांना अडतो आणि खाली पट्ट्या-पट्ट्यांनी अंधार पडतो. आरशात मागचे चाक दिसते, त्यापलीकडचे मूल दिसत नाही. भरल्या गाडीचा क्लच शिकाऊ पायाने सुटला की गाडी हिसका मारून दोन हात पुढे जाते. दोन हात पुष्कळ झाले.

आमचे स्पष्ट मत असे, की यार्डात परवाना नसलेल्या पोराने गाडी हलवता कामा नये, मग ती दहा फूट का असेना. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणे हा मालकाचाही गुन्हा ठरतो, आणि काही बरेवाईट झाले तर विम्याची रक्कम मालकाकडून वसूल होण्याची पाळी येऊ शकते. पण त्याहीपेक्षा त्या पोराचा विचार करा. एकविसाव्या वर्षी एखादे लेकरू चाकाखाली गेले, तर ते पोर पुढे आयुष्यात नीट झोपेल काय? शिकवायचेच असेल तर दिवसा, रिकामी गाडी, मोकळे मैदान आणि वस्ताद शेजारी. आणि ड्रायव्हरला झोप हवी असेल तर ती त्याला यार्डाने दिली पाहिजे. नंबर कधी येईल हे आधी कळले तर माणूस निर्धास्त चार तास झोपेल. हे आम्ही शेतकी विभागाच्या बैठकीत बोललो आहोत व पुन्हा बोलू.

घाटाबद्दलही लिहायला हवे, कारण हंगामानंतर हीच पोरे साखर घेऊन पुण्या-मुंबईकडे जातात. सपाटीवर वाढलेल्या पोराला घाट चढणे अवघड वाटते. अवघड असते ते उतरणे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, ही जुनी रीत आजही खरी आहे. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, किंवा इंजिनच बंद करणारे महाभाग आहेत. इंजिन बंद झाले की त्याने गाडीला धरून ठेवणे संपते, पॉवर स्टेअरिंग जड होते, आणि एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. मग सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि पाय पाटीला टेकला तरी गाडी थांबत नाही. पुण्याला जाताना नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत असाच लांबलचक उतार आहे. वर पाहता तो घाट वाटतच नाही, हाच त्याचा दोष. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालट्रकने अनेक वाहनांना ठोकरले. उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे तपासात निघाल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. वाचले किती डिझेल? लिटरभरसुद्धा नसेल.

आमच्या त्या पोराला वस्तादांनी सालपे घाटात पहिले दोन महिने नुसते ऐकायला लावले. "डोळं मीट आन सांग, गाडी कितव्यात हाय." दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस पोरगे बरोबर सांगू लागले. पुढे तो आम्हाला म्हणाला, "साहेब, आता ब्रेकचा वास आला तर झोपेतून जाग येते." हे कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वहीत नाही.

खाण्यापिण्याचे हाल मात्र खरे. पहिल्या महिन्यात पोराला ढाब्यावरची तर्री फार गोड लागते. दुसऱ्या महिन्यात पोट बिघडते, तिसऱ्यात पित्त. बसून बसून पाठ धरते. वाटेत उतरायला नको म्हणून पाणी कमी पितात आणि लघवी तुंबवून ठेवतात; पुढे मुतखड्याने लोळतात. केबिनमध्ये इंजिनची धग असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकच्या केबिनला थंड हवेची सोय सरकारने सक्तीची केली आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या, तेव्हा उन्हाळा आहेच. घरून निघताना आईने दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असे दोन दिवस टिकणारे बांधून द्यावे. पोरगे लाजेल, वस्ताद लाजणार नाहीत. रात्री गाडी चालवायची असेल तर भात आणि तेलकट पोटभर खाऊ नये, थोडे खावे, दोनदा खावे. आणि वस्ताद पीत असतील तर त्या गाडीवर पोराला ठेवू नये. इथे आम्ही भीडभाड न ठेवता लिहितो. गाडी किती नवी आहे ते मागाहून पाहा, वस्ताद कसे आहेत ते आधी पाहा.

थांबणे ही आणखी एक गोष्ट पोरांना जाचते. चालत्या गाडीचे त्यांना कौतुक असते, उभ्या गाडीची कल्पना नसते. माल उतरायला हमाल नाहीत, व्यापारी आलेला नाही, उद्या बाजार बंद, परतीचे भाडे मिळेना. परमुलखात गाडीखाली चटई टाकून दोन दोन दिवस काढावे लागतात. गावात बेंदूर असतो, यात्रा असते, बहिणीला पाहायला पाहुणे आलेले असतात. पुष्कळ पोरे पहिल्या तीन महिन्यांत परत येतात, ती कष्टाने नव्हे, या थांबण्याने. परत आलेल्या पोराला घरच्यांनी टोचून बोलू नये. हे काम सगळ्यांनाच मानवते असे नाही, आणि न मानवणाऱ्याने लवकर उतरावे हेच बरे.

जे टिकतात त्यांच्या घरच्यांनी मात्र एक करावे. पोरगे चार दिवसांनी घरी आले की आपण काय करतो? पाहुणे बोलावतो, दारे धरायला पाठवतो, सोसायटीत कागद न्यायला सांगतो. मग रात्री पुन्हा गाडी. आमच्या त्या पोराची आई आम्हाला काळजीने म्हणाली, "साहेब, काल सकाळी निजलाय, आज उठला. काही बाधा तर नसंल?" आम्ही सांगितले, बाई, बाधा नाही, ती उधारी आहे, फेडू द्या. तेव्हापासून तो घरी आला की वडील दारातली मोटरसायकलसुद्धा ढकलत बाहेर नेतात आणि कोपऱ्यावर जाऊन चालू करतात. वडिलांचा पहिल्यापासून विरोध होता. अजूनही आहे म्हणतात. पण फोन करायचा तर आधी विचारतात, "गाडी उभी हाय का? उभी नसंल तर ठेव." आम्हाला हे फार आवडले.

मागच्या महिन्यात त्या पोराचा जड वाहनाचा शिकाऊ परवाना आला. दिवसा, वस्ताद शेजारी, अशी गाडी तो आता चालवतो. पाडेगावच्या गेल्या खेपेला जाताना लोणंदपर्यंत त्याने आणली. येताना अंधार पडला तसे वस्तादांनी काही न बोलता स्टेअरिंग घेतले आणि पोरगे दाराकडे सरकले. रात्री दोनच्या सुमारास त्यानेच वस्तादांच्या दंडाला हात लावला, "वस्ताद, तुमची पापणी जड झालीया. घ्या बाजूला." वस्तादांनी घेतली.

ज्या सभासदांची मुले गाडीवर जात आहेत अगर जाऊ इच्छितात, त्यांनी मुलाचा जन्मतारखेचा दाखला, हलक्या वाहनाचा परवाना असल्यास तो, आणि ज्या गाडीवर जाणार तिच्या मालकाचे नाव घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. परवान्याची रीत समजावून सांगण्यास आमचे शेतकी मदतनीस तेथे असतात. वाहतूकदार सभासदांनी नव्या हंगामाचे करार करतेवेळी किन्नराचे वय व परवान्याचा तपशील सोबत आणावा. बेण्याची मागणी नोंदवावयाची राहिली असल्यास तीही त्याच वेळी नोंदवावी.